प्रीस्कूलच्या निरोपाच्या पार्टीत कोणालाच आऊट करू नका

न्यू जर्सीतल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलाचं प्रीस्कूल जूनमध्ये संपतंय. टोपी-गाऊन घालून शाळेतला समारंभ होईलच, पण त्यानंतरच्या शनिवारी वर्गातल्या 14 मुलांची पार्टी पार्कमध्ये करायचं त्यांनी अंगावर घेतलंय. त्या लिहितात, "निम्मी मुलं देशी आहेत, निम्मी इतर. आपले खेळ घ्यायची खूप इच्छा आहे, पण बाकीच्यांना ते कळतील का? आणि चार-पाच वर्षांची मुलं गटाने खेळतात तरी का?"

खेळतात, आणि मनापासून खेळतात. अट एकच: खेळातून कोणी बाहेर पडता कामा नये. या वयाच्या मुलाला "तू आऊट" म्हटलं की त्याच्यापुरती पार्टी तिथेच संपते. ते एक तर रडतं, नाहीतर घसरगुंडीकडे जातं, आणि त्याच्या मागोमाग आणखी तिघं जातात. शिवाय ही पार्टी निरोपाची आहे. सप्टेंबरमध्ये जो तो आपापल्या पत्त्याप्रमाणे वेगवेगळ्या शाळेत किंडरगार्टनला जाणार, वर्ग पांगणार. त्या दिवशी सगळी मुलं शेवटपर्यंत एकत्र खेळली पाहिजेत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. या पार्टीत चौदाही जणांना लिंबूटिंबू करा.

सुरुवात तळ्यात-मळ्यातने करा. गवतावर एक लांब दोरी टाका, एक बाजू तळं, दुसरी मळा. "तळ्यात" म्हटलं की इकडे उडी, "मळ्यात" म्हटलं की तिकडे. मराठी न येणाऱ्या मुलांसाठी पहिल्या चार-पाच उड्या तुम्ही स्वतः मारून दाखवा. एवढ्यावर त्यांना दोन्ही शब्द कळतात, भाषांतर करून सांगायची गरज पडत नाही. मग वेग वाढवा, मध्येच लागोपाठ दोनदा "तळ्यात" म्हणा. जो चुकेल त्याने जागच्या जागी बेडकासारखं "डराँव डराँव" करायचं आणि पुन्हा रांगेत यायचं. थोड्या वेळाने मुलं डराँव करायला मिळावं म्हणून मुद्दाम चुकायला लागतील. लागू द्या. पावसामुळे ऐनवेळी हॉलमध्ये जावं लागलं, तर तळं म्हणून निळी ओढणी अंथरण्याचा मोह टाळा. लाकडी फरशीवर ती हमखास घसरते. मास्किंग टेपची पट्टी पुरते.

हाकारे द्यायचं काम आजी-आजोबांना द्या. मे-जूनमध्ये बऱ्याच घरी कोणाचे तरी आईवडील आलेले असतात आणि अशा पार्टीत ते कडेच्या खुर्चीवर बसून राहतात. या खेळांचा ठेका त्यांच्या तोंडात पक्का बसलेला असतो. शिवाय इतर मुलांना एरवी नुसत्या दिसणाऱ्या आजी त्या दिवशी खेळ घेणाऱ्या आजी होतात. तुमच्या मुलालाही ते कायम लक्षात राहील. आजी-आजोबा भारतातच असतील, तर पार्टी सकाळी दहाला ठेवा. उन्हाळ्यात न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील. व्हिडिओ कॉलवरून "तळ्यात" ओरडायला ती छान वेळ आहे. फक्त आवाज थोडा उशिरा पोचतो, तेव्हा वेग कमी ठेवायला सांगा.

पळून दमली की गोलात बसवून मामाचं पत्र. इथल्या मुलांना 'डक, डक, गूज' ठाऊक असतं (मिनेसोटात त्यालाच 'डक, डक, ग्रे डक' म्हणतात), त्यामुळे मागून कोणीतरी चालत येणार आणि मग पळायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. फरक एवढाच की तिथे डोक्यावर टपली मारतात, इथे मागे वस्तू टाकतात. आपल्याकडे रुमाल टाकतात. या पार्टीसाठी मात्र खरी पाकिटं करा, प्रत्येक मुलाच्या नावाचं एकेक, आत वर्गाचा फोटो आणि बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी. बाईंना आठवडाभर आधी विनंती केली तर त्या आनंदाने लिहितील. ज्याच्यावर राज्य असेल तो हातात पुढचं पाकीट घेऊन गोलाभोवती फिरतो. तो म्हणतो, "मामाचं पत्र हरवलं", बाकीचे म्हणतात, "ते मला सापडलं". ज्याचं पाकीट त्याच्याच मागे ते पडलं पाहिजे, म्हणून एका मोठ्या माणसाने सोबत फिरून हळूच जागा दाखवायची. ज्याला पत्र मिळालं त्याने एक फेरी पळायची आणि पुढच्या पाकिटाचं राज्य त्याचं. असं प्रत्येकाला एकदा पत्र मिळतं आणि एकदा पळायला मिळतं. चौदा जणांचा एकच गोल मात्र नको, शेवटच्या मुलाला फार वाट पाहावी लागते. सात-सातचे दोन करा.

संगीत खुर्ची घ्यायचीच असेल तर खुर्च्या काढा, मुलं काढू नका. खुर्च्यांऐवजी चटया घेतलेल्या बऱ्या. झांज थांबली की सगळ्यांनी चटईवर उभं राहायचं, दर वेळी एक चटई कमी, आणि शेवटी सगळी चौदा मुलं एकाच चटईवर मावायची. एकमेकांना धरून, पोटं आत घेऊन ती कशीबशी मावतात. ग्रुप फोटो त्याच क्षणी काढा, वेगळं उभं करून काढलेल्या फोटोपेक्षा तो कितीतरी चांगला येतो. स्पीकरपेक्षा झांज किंवा थाळी बरी: अनेक पार्कांत स्पीकर लावायला वेगळी परवानगी लागते, आणि गर्दीला बुजणाऱ्या मुलाला वाजवण्याचं काम देता येतं. अशा मुलाला हात धरून खेळात ओढू नका. झांज त्याच्या हातात असली की तेही खेळातच असतं.

साखळीची पकडापकडी आपल्या नियमाला आयतीच बसते, कारण पकडला गेलेला बाहेर न जाता साखळीत येतो. साखळी चार मुलांची झाली की तिच्या दोन करा. लांब साखळीत टोकाच्या मुलाला हिसका बसतो, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा कोपराचा सांधा हात ओढल्याने सहज सरकू शकतो. हीच काळजी मोठ्यांनीही घ्यायची: मुलाला मनगट धरून ओढायचं नाही की उचलायचं नाही.

'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा' हा माझा लाडका खेळ. पळता पळता "तीन!" म्हटलं की तिघांनी मिठी मारायची, कोणी उरलं तर एखादे बाबा किंवा मावशी पळत जाऊन त्याचा गट पुरा करतात. पण कॅलिफोर्नियातल्या वाचकांनो, तुमच्याकडे शब्द बदला. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजलिसभोवतीच्या आगींत हजारो घरं गेली. डोंगरावरची आग ज्यांनी खिडकीतून पाहिली आहे अशी मुलं त्या वर्गात असू शकतात. "डोंगरावर पाऊस आला" म्हटलं तरी पळण्यातली मजा तीच राहते.

आंधळी कोशिंबीर आणि लगोरी दोन-तीन वर्षांनी. डोळे बांधले की या वयाची बरीच मुलं घाबरतात. पार्टीत दहीहंडी करायची हौस असेल तर काठी नको. दोऱ्या ओढून उघडणारा कागदी पिन्याटा (आत खाऊ भरून टांगायचं पोकळ खेळणं) मिळतो, त्याला हंडीसारखं रंगवा आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दोरी द्या. आत स्टिकर आणि खडू भरा. चिक्की, तिळाची वडी, शेंगदाण्याचा लाडू यातलं काहीही नको. शेंगदाण्याच्या अॅलर्जीबद्दल इथे सगळेच सावध असतात, पण 1 जानेवारी 2023 पासून अमेरिकेत तीळही मुख्य अॅलर्जीकारक पदार्थांच्या यादीत नववा आहे, हे आपल्या घरांत अजून फारसं कोणाच्या ध्यानात नसतं. पालकांना आमंत्रणातच अॅलर्जी विचारून घ्या.

फुगे खेळायला देऊ नका. फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याने आठ वर्षांखालची मुलं गुदमरू शकतात, असा इशारा पाकिटावरच छापलेला असतो. त्याऐवजी मोज्यांच्या गुंडाळ्या मोठ्या चादरीवर टाका, कडेने सगळ्यांनी चादर धरून हलवायची आणि त्या लाह्यांसारख्या उडवायच्या. शाळेत पॅराशूटशी, म्हणजे कडेने धरून हलवायच्या मोठ्या गोल कापडाशी, खेळलेली मुलं याला लगेच सरावतात.

एक खेळ सात-आठ मिनिटं, सगळं मिळून पाऊण तास. पळायचा झाला की बसायचा, आणि मग खाणं. कोणी मध्येच गवतात मुंग्या बघत बसलं तर बसू द्या, पुढच्या खेळाला ते आपणहून येतं. आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकण्याआधी इतर मुलांच्या आईवडिलांना विचारा. काहींना ते चालत नाही, आणि पार्टी संपल्यावर कळण्यापेक्षा आमंत्रणाच्या वेळीच कळलेलं बरं.