कुशल तांत्रिक कर्मचारी गेला तर त्याच्या जागी दुसरा सहज मिळतो का?

तुमचे साहेब म्हणतात तसे 'एक गेला तर दहा येतील' हे खोटे नाही. दहा येतीलही. पण तुमचे मशीन त्या दहांतल्या एकालाही ओळखीचे नसेल.

मी मेंटेनन्समध्ये होतो. गरम तेलाचा एक पंप सांभाळणारे आमचे जुने फिटर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला मुलगा हुशार होता, शिक्षणही त्यांच्यापेक्षा जास्त. ओव्हरहॉलनंतर (पूर्ण खोलून दुरुस्त केल्यावर) त्याने डायल गेज हे बारीक फरक मोजणारे साधन लावून पंप आणि मोटरचे अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणणे, अगदी शून्य फरकावर आणले. काम नजर लागावी इतके नेटके. काही आठवड्यांत बेअरिंग गेले. बदलले, तर पुन्हा गेले. शेवटी त्या निवृत्त फिटरकाकांना फोन लावला. "अरे, मोटर जराशी वर ठेवायची. पंप तापला की तोही वर येतो, मग दोघं जुळतात." लिहून का नाही ठेवलंत, विचारले तर म्हणाले, "एवढं सगळ्यांनाच माहीत असतं ना?"

आपल्याला काय येते हे बऱ्याचदा त्या माणसालाही ठाऊक नसते. अमेरिकेने डब्ल्यू७६ या अण्वस्त्रासाठी लागणारा 'फॉगबँक' नावाचा गोपनीय पदार्थ बनवणे थांबवले. पुढे पुन्हा गरज पडली, तेव्हा कारखाना मोडलेला, नोंदी अपुऱ्या आणि जाणकार बहुतेक निघून गेलेले. जुन्या कृतीने केलेला माल जमेना. बऱ्याच खटपटीनंतर कळले की कृती जुनीच असली तरी कच्चा माल साफ करण्याच्या नव्या पद्धतीत तो जास्त शुद्ध होत होता, आणि पदार्थाला हवी होती नेमकी ती जुनी अशुद्धी! मूळ कामगारांनाही याचा पत्ता नव्हता.

ठरावीक साच्याच्या कामात माणूस बदलला तर फारसे बिघडत नाही, हेही कबूल करतो. आणि काही जण मुद्दाम ज्ञान दाबून ठेवतात. त्यांना मी कुशल नाही, अडवणूक करणारे म्हणेन.

नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन दिवसांत हँडओव्हरची फाइल लिहून घेण्यात अर्थ नाही. साहेबांना एवढेच सांगा: नवा माणूस जुना असतानाच आणा, काम नव्याला करू द्या आणि जुन्याला नुसते शेजारी उभे करा. तो जिथे "थांब थांब" म्हणेल, ते लिहून घ्या.