“गोळ्या चालू आहेत ना, मग काय होतंय?”

लालबागच्या एक ताई आल्या आणि पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढून टेबलावर ठेवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) थोरले दीर सहा महिन्यांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. नवरा पंचावन्नचा, दिवसाला दहा-बारा सिगरेटी. “मॅडम, अँटिऑक्सिडंट आहेत. भाऊजींना आम्ही दिलीच नाहीत. ह्यांना रोज देते. टळेल ना?”

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. बाटलीवर पहिलंच नाव होतं बीटा-कॅरोटीन. गाजराला केशरी रंग देणारं हे द्रव्य; पेशींची हानी रोखतात म्हणून अशा द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत काही कॅन्सर कमी दिसतात, हे खरं. पण त्यातलं एकच द्रव्य काढून गोळीत भरलं की तोच गुण येईल, हा अंदाज टिकला नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.

ताईंनी बाटली हळूच स्वतःकडे ओढली. “म्हणजे मी विष देत होते?”

“नाही हो. तुम्ही त्यांच्या जिवाला जपत होतात. धोका वाढतो म्हणजे आजार झालाच असं नाही. गोळ्या आजपासून बंद करा, बाटली डॉक्टरांना दाखवा. आणि भाऊजी गोळ्या दिल्या नाहीत म्हणून गेले नाहीत.” हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. तेच ओझं घेऊन त्या आल्या होत्या.

“गोळी कधी घेतात?”

“चहाबरोबर. घेतली की लगेच गॅलरीत जातात ओढायला. म्हणतात, तुझ्या गोळ्या चालू आहेत ना, मग काय होतंय.”

मला त्या बाटलीपेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली. गोळीने सिगरेटला घरात परवानगी मिळवून दिली होती.

पुढच्या खेपेला ते स्वतः आले. तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा नंबर मी दिला, १८००-११-२३५६. सुरुवातीचे दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, डॉक्टरांकडून निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल विचारून घ्या, असंही सांगितलं. त्यांनी नंबर बसच्या तिकिटामागे लिहिला, तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि बायकोकडे न बघता म्हणाले, “दादा गेला ना, तेव्हा मी वॉर्डात नव्हतो. खाली टपरीवर होतो.”

ताईंना हे माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यानंतर मी काहीच समजावलं नाही.