मक्ता आणि कित्ता

विचारलंय असं: एका सॉफ्टवेअर लायब्ररीला (म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरायच्या तयार कोडला) 'अपाचे २.०' हा मोकळा परवाना आहे आणि त्यालाच 'कॉमन्स क्लॉज' हे विक्रीवर बंधन घालणारं कलम जोडलंय, तर तिला मराठीत मुक्तस्रोत (ओपन सोर्स) म्हणायचं की खाजगी (प्रोप्रायटरी)?

दोन्ही नाही. आणि प्रोप्रायटरीला खाजगी म्हणणं आधी बंद करा, ऐकून ऐकून कान किटलेत. मी घरी बसून हिशोबाची एक स्क्रिप्ट लिहिली, कुणालाच दिली नाही, ती खाजगी. प्रोप्रायटरी म्हणजे विकायचा, वाटायचा, बदलायचा हक्क एकाने स्वतःकडे राखून ठेवलाय, मग कोड सगळ्या जगाला दिसत का असेना. त्याला आपल्याकडे शब्द आहे की, मक्ता! जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, आमराईचा मक्ता. 'शहाणपणाचा मक्ता काय तू एकट्यानेच घेतलायस?' हे घराघरात बोललं जातं, तरी लिहायला बसलं की लोक 'स्वामित्वाधीन' असलं काहीतरी लिहितात जे वाचून कुणाच्याही डोळ्यापुढे काहीच येत नाही.

आता मक्त्याचं मूळ बघा, खरी मजा तिथे आहे. अरबीत क-त-अ म्हणजे कापणे, तोडणे. एकदाच तोडून ठरवलेली रक्कम भरायची आणि मग वसुली तुमची, असा ठेका तो मक्ता, आपण 'उक्तं' म्हणतो ना, तसंच. शाळेत सुलतानशाहीच्या धड्यात 'इक्ता' होती, सरदाराला महसूल वसुलीसाठी तोडून दिलेला मुलूख, ती ह्याच घरातली. गझलेचा मक्ता पण हाच, जिथे गझल तुटते तो शेवटचा शेर, आणि त्यात शायर आपलं नाव गुंफतो. आणि माझा सगळ्यात लाडका, कित्ता! क़िता म्हणजे कापलेला तुकडा, उस्तादाने कागदाच्या तुकड्यावर सुंदर अक्षरात लिहून दिलेला नमुना, तो समोर ठेवून शिष्याने गिरवायचं. माझे आजोबा पाटीवर वरची ओळ काढून द्यायचे, खाली मी तीच ओळ पाच वेळा काढायचो, तो कित्ता. म्हणजे एकाच धातूतून 'फक्त माझं' सांगणारा शब्दही आला आणि 'घे, गिरव' म्हणणाराही! ओपन सोर्सला कित्त्याइतका नेमका शब्द मला तरी दुसरा सुचत नाही आणि तो रुजावा असं मनापासून वाटतं.

मक्ता हा 'मुक्त'वरून आला असं मला एका जाणकारांनी ठामपणे सांगितलं होतं. साफ चूक. आवाज जुळला की नातं जुळत नाही, आणि अर्थ तर बरोब्बर उलटा आहे. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोशही अशा शब्दांपुढे अरबीची खूण म्हणून एक अक्षर ठेवतो आणि पुढे जातो, मक्ता आणि कित्ता सख्खे आहेत हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

हां, तुमची लायब्ररी. अपाचे म्हणतो वापरा, बदला, विका. कॉमन्स क्लॉज म्हणतो विकायचा हक्क सोडून, आणि 'विकणे' ह्यात पैसे घेऊन होस्टिंग किंवा सपोर्ट देणंही धरलंय, जर त्या सेवेची किंमत मुख्यतः ह्याच सॉफ्टवेअरमुळे असेल तर. रेडिस ह्या डेटाबेसमागच्या रेडिस लॅब्स कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या काही मॉड्यूल्सना (जोड-भागांना) हीच जोड दिली होती, मूळ रेडिस मात्र तेव्हा बीएसडी ह्या मोकळ्या परवान्यावरच राहिलं. लोकांचा इतका गोंधळ उडाला की फेब्रुवारी २०१९ मध्ये ती जोड काढून त्यांनी स्वतःचा वेगळा परवाना आणला. ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ह्या संस्थेच्या व्याख्येत १० कलमं आहेत, त्यात सहावं स्पष्ट सांगतं की अमक्या कामासाठी, धंद्यासाठी वापरू नका असं म्हणता येत नाही, त्यामुळे नुसतं अपाचेचं नाव लावून ती ओपन सोर्स होत नाही.

उलट दिशेने, म्हणजे मोकळा कोड मक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळणं, बीएसडीसारख्या परवान्यात चालतं. ॲपलच्या मॅकओएसमध्ये बीएसडी परवान्याचा कोड आहे आणि मॅकओएस मक्त्याचंच आहे, तिथे मूळ लेखकांचं नाव आणि परवान्याचा मजकूर राखला की झालं. इथे मला गझलेचा मक्ताच आठवतो, नाव तेवढं ठेवायचं.

तर तुमच्या लायब्ररीला लिहा 'स्रोत खुला, विक्रीचा मक्ता राखीव'. लांब आहे, पण त्यात खोटं काही नाही.