सोयाबीनचे चार वाण, एकेकच पट्टा: निवड कशी करावी?

प्रश्न (वाशीम जिल्ह्यातील शेतकरी): यंदा सोयाबीनचे चार वाण एकेका एकरात पेरले. नाल्याकडच्या भारी जमिनीत फुले संगमला ९ क्विंटल उतारा आला. वरच्या मुरमाड अंगाला जेएस ३३५ साडेसातवर थांबला. बाकी दोन अधेमधे. पुढच्या खरिपात सगळ्या रानात संगमच घेऊ का?

उत्तर: भाऊ, घाई करू नका. संगम चांगला वाण आहे, पण हा दीड क्विंटल वाणाचा की नाल्याकडच्या जमिनीचा, हे एकेका पट्ट्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

एकच वाण एकाच रानात पाच जागी पेरा, पाचही जागी वजन वेगळं भरेल. आधी मोजायचा तो हा चढउतार. वाणावाणांतला फरक त्याच्या मानाने ठळक निघाला, तरच तो वाणाचा धरायचा. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ही रीत बसवली. तिला प्रचरण विश्लेषण किंवा ॲनोव्हा म्हणतात.

रानाचे पाच गट पाडा, प्रत्येक गटात जमीन सारखी असू द्या. प्रत्येक गटात चारही वाण, आणि कुठला कुठे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडता वाण चांगल्या जागी पेरायचा मोह होतोच, म्हणून चिठ्ठ्या. प्रत्येक गटात एका वाणाला एक वाफा: ६ मीटर लांब, ४५ सेंटिमीटरवर दहा तासं. कडेचं एकेक तास आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून उरलेल्या १८ चौरस मीटरचंच, वाळवलेल्या दाण्याचं वजन घ्या.

विश्लेषणात एकूण तफावतीचे तीन वाटे होतात: वाणाचा, गटाचा आणि उरलेली त्रुटी, म्हणजे वाण किंवा गट यांनी उलगडत नाही तो चढउतार. नाला-मुरूम हा भेद गटाच्या वाट्याला जातो, वाणाला चिकटत नाही. वाणाची सरासरी तफावत भागिले त्रुटीची, हे एफ गुणोत्तर. २० वाफ्यांच्या या मांडणीत ते ५ टक्के पातळीवर (म्हणजे फरक नसताना तो आहे असं वाटून फसण्याची शक्यता ५ टक्के धरून) ३.४९ च्या वर गेलं, तर चारांत कुठेतरी खरा फरक आहे असं धरायचं. कुठे, ते एफ सांगत नाही. दोन-दोन वाणांच्या सहा जोड्या सुट्या तपासत बसलात, तर फसण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या बरीच वर जाते. म्हणून आधी एफ, मग क्रांतिक फरक, म्हणजे दोन वाण वेगळे म्हणायला त्यांच्या सरासरीत निदान किती अंतर हवं तो आकडा.

समजा त्रुटीची सरासरी तफावत, म्हणजे तिचं प्रचरण, ०.१० निघालं. मग क्रांतिक फरक वाफ्याला सुमारे ०.४४ किलो, म्हणजे एकरी जवळपास १ क्विंटल. दोन वाणांत याहून कमी अंतर असेल, तर एकाला सरस म्हणता येणार नाही. अशा वेळी बियाण्याचा खर्च आणि काढणीचे दिवस पाहून ठरवा.

पाऊस दरवर्षी सारखा नसतो, म्हणून मी दोन खरीप मागतो. तोवर संगम थोड्या रानात जरूर घ्या. गटांचा नकाशा पेरणीआधी दाखवा, आणि काढणीनंतर २० वाफ्यांची वजनं वहीत लिहून आणा. गणित कार्यालयात बसून दोघं मिळून करू.