फ्लीस म्हणजे पिसवा नव्हेत

प्रश्न असा आला आहे: "यॉर्कमध्ये 'गोल्डन फ्लीस' नावाच्या जुन्या पबमध्ये जेवलो. एका प्रवासवर्णनात त्याचं भाषांतर 'सोनेरी पिसवा' असं वाचलं. ते बरोबर आहे का? नसेल तर मराठीत काय म्हणावं?"

नाही हो! पिसवा म्हणजे 'फ्लीज'. कानाला फरक कळला नाही तर निदान मान वर करून पाहायचं. दारावर सोनेरी मेंढा टांगलेला आहे, पिसू नाही.

'सोनेरी लोकर' हेही मला मान्य नाही, मग कोशात काहीही छापलेलं असो. लोकर हा माल झाला. फ्लीस म्हणजे एका मेंढीच्या अंगावरून एका कातरणीत गोधडीसारखी सलग उतरलेली लोकर. (दुकानात 'फ्लीसचं जॅकेट' म्हणून मिळतं ते तर प्लॅस्टिक. त्यावर पुन्हा कधीतरी बोलू.) असले सोनेरी मेंढे इंग्लंडात पबच्या दारांवर का चढले, याचं उत्तर तिथल्या पोत्यांत आहे. मध्ययुगात इंग्लंडचा पैसा म्हणजे लोकर. एक पोतं 364 पौंडांचं, म्हणजे सुमारे 165 किलोचं. 1275 मध्ये पहिल्या एडवर्डने निर्यातीच्या दर पोत्यावर साडेसहा शिलिंगांहून थोडी जास्त जकात बसवली आणि 1294 मध्ये, फ्रान्सशी लढायला पैसा हवा म्हणून, ती एकदम 40 शिलिंगांवर नेली. लोकांनी या वाढीला नाव दिलं 'मालटोट', म्हणजे वाईट कर. तीन वर्षांत राजाला ती मागे घ्यावी लागली. या पबपासून हाकेच्या अंतरावर व्यापाऱ्यांचं 1357 मध्ये बांधायला घेतलेलं सभागृह अजून उभं आहे.

सोळाव्या शतकापासून इंग्रजीत 'फ्लीस' हे लुबाडण्याचं क्रियापदही झालं. इथे मात्र मराठी त्यांच्या पुढे आहे. आपल्याकडे 'भादरणे' आहे! मेंढरं भादरतात, न्हावी डोकं भादरतो आणि दलाल गिऱ्हाइकाला भादरतो. हा शब्द भाद्रपदावरून आला, असं एका स्नेह्याने मला छातीठोकपणे सांगितलं. भाद्रपदात मेंढ्या कातरतात म्हणे! पंचांग उघडून व्युत्पत्ती सांगणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. शब्द आला 'भद्र'वरून, आणि भद्र म्हणजे मंगल. पाणिनीचं सूत्र आहे 'मद्रात् परिवापणे'. परिवापण म्हणजे मुंडण, आणि 'मद्र' हाही मंगलवाचक शब्दच. त्याला वार्तिककाराने, म्हणजे सूत्रांवर पुरवण्या लिहिणाऱ्याने, पुस्ती जोडली, 'भद्र'लाही हेच लागू. म्हणून 'भद्राकरोति' म्हणजे मंगल मुंडण करतो. जावळ काढण्यासारख्या शुभकार्याचा शब्द घसरत घसरत मेंढरांपर्यंत आणि तिथून खिशापर्यंत आला. तो घसरला तरी त्यातला 'भद्र' शाबूत आहे. भाद्रपदातही तोच 'भद्र' आहे, पण म्हणून महिन्याने वस्तरा हातात घेतला असं होत नाही.

माझा एक लाडका तर्क आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि राठ. घोंगडीला उत्तम, पण गोधडीसारखी सलग कुठे उतरणार? ती पुंजक्यापुंजक्यांनी पडते. मग 'फ्लीस' या वस्तूला वेगळं नाव मराठीला कशाला लागेल? लागलं ते क्रियापद, आणि तेच आपण जिवापाड जपलं. धनगरांमध्ये वावरलेल्या माणसाला हे पटेल, नुसता कोश चाळणाऱ्याला पटणार नाही.

हां, पबच्या नावाचं राहिलंच. 'सोनेरी मेंढा' म्हणा. दारावर तोच तर टांगलाय.