‘इंडिका हायब्रीड’ बियाणे लावावे का?

प्रश्न (वाळवा आणि कराड तालुक्यांतून, थोड्याफार फरकाने): मोबाईलवर ‘इंडिका-प्रधान हायब्रीड हेम्प’ बियाण्याची जाहिरात येते. झाड बुटके राहते, आठ आठवड्यांत फुलोरा तयार होतो, असे त्यात लिहिले आहे. इंडिका म्हणजे आपलाच देशी वाण ना? हेम्प आता कायदेशीर झाले म्हणतात, मग आडसाली उसाच्या आधी एक पीक निघेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. निघणार नाही, आणि लावूही नये. हेम्प, भांग, गांजा ही एकाच वनस्पतीची नावे आहेत. १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ८ ने या झाडाच्या लागवडीवर बंदी आहे. कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहा झाडे की दहा गुंठे, असा फरक लागवडीच्या बाबतीत हे कलम करत नाही. ‘पानांची भांग चालते’ हा युक्तिवादही शेतात टिकत नाही, कारण बंदी झाडाच्या लागवडीवरच आहे.

गैरसमज कुठून आला तेही सांगतो. धागा किंवा बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याची तरतूद कलम १४ मध्ये आहे. उत्तराखंडने त्यानुसार परवाने दिले, तेही टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या पिकासाठी. आपल्याकडे शेतकऱ्याला असा परवाना मिळत नाही. दुकानात मिळणारे खाण्याचे हेम्प बी वेगळे. ते उगवू नये अशा अवस्थेतच विकायचे असते.

आता जाहिरातीकडे वळू. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये भारतातून गेलेल्या झाडांवरून ‘इंडिका’ हे नाव दिले. ती झाडे अरुंद पानांची होती. आज बियाण्याच्या बाजारात इंडिका म्हणतात तो रुंद पानांचा, बुटका, झुडपासारखा प्रकार मुळात अफगाणिस्तान-हिंदुकुशच्या कोरड्या डोंगरातला. म्हणजे नाव आपले आणि झाड परक्या हवेचे. पेरी जवळजवळ, पाने गडद हिरवी, फुलांचे तुरे घट्ट, आणि फुलोरा सुरू झाल्यापासून सात ते नऊ आठवड्यांत तयार, अशी त्याची ठेवण. अरुंद पानांच्या उंच प्रकाराला दहा ते चौदा आठवडे लागतात. ‘प्रधान’ म्हणजे संकरात रुंद पानांच्या बाजूचा वाटा जास्त, एवढाच विक्रेत्याचा दावा. जनुकीय तपासण्यांत अशा लेबलांचा मेळ बऱ्याचदा बसलेला नाही. झाडाच्या ठेवणीवरून आतले टीएचसीही कळत नाही, त्यामुळे ‘हे नशेचे नाही’ या तोंडी हमीला काडीची किंमत नाही.

हायब्रीड शब्दाने तर भुलूच नका. संकरित टोमॅटोचे बी धरून पुन्हा लावले की एका ओळीत चार तऱ्हा निघतात, तेच इथे. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी, परागण वाऱ्यावर.

‘आठ आठवडे’ हा आकडाही आपल्या अक्षांशाचा नाही. हे झाड सोयाबीनसारखेच दिवस लहान होताना फुलणारे. हिंदुकुशकडे जूनमध्ये दिवस साडेचौदा तासांच्या आसपास असतो, सांगलीत तेरा तासांच्या थोडाच वर. उत्तरेचे सोयाबीन वाण इथे गुडघ्याएवढे असतानाच फुलावर येतात, तशीच या झाडाची गत. शिवाय घट्ट तुऱ्यात ओल अडकते आणि करडी बुरशी धरते. पाटण-शिराळ्याच्या पावसात काय होईल ते वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न: बांधावर अंबाडी आहे, लोक गांजा म्हणतात. फरक कसा ओळखायचा?

उत्तर: गल्लत होण्यासारखीच आहे, अंबाडीच्या शास्त्रीय नावातच ‘भांगेसारखी’ असा अर्थ आहे. पान हातात घ्या. अंबाडीच्या पानाचे फाटे देठाजवळ एकमेकांना जोडलेले असतात, चव आंबट, खोडावर बारीक काटे, आणि फूल मोठे, फिकट पिवळे, मध्ये जांभळट. गांजाच्या पानात पाच, सात किंवा नऊ पर्णिका थेट देठापर्यंत सुट्या, कडा करवतीसारख्या. फूल हिरवट आणि नजरेत न भरणारे. मात्र चोळल्यावर उग्र वास येतो.

उसाच्या फडात मधोमध किंवा हळदीत अशी झाडे दिसली तर स्वतः उपटू नका. उपटून घरी आणलेले झाड म्हणजे ताब्यात सापडलेला माल. गट नंबर नोंदवा, पोलीस पाटलांना आणि ठाण्याला लगेच कळवा, पंचनामा होऊ द्या. आपल्या जमिनीवरची बेकायदा लागवड कळवणे हे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, जाणूनबुजून गप्प राहणे गुन्हा. जमीन खंडाने किंवा वाट्याने दिली असेल तर महिन्यातून एकदा फडात आतपर्यंत फिरा. बांधावरून फक्त पाचट दिसते.

राहिले आडसालीआधीचे रिकामे रान. पाणी असेल तर तिथे ताग घ्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकरी २० ते २५ किलो बी फोकून पेरा. ४५ ते ५० दिवसांनी पहिली पिवळी फुले दिसली की नांगराने गाडा आणि हलके पाणी द्या. दोन-तीन आठवडे कुजू देऊन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ऊस लावता येतो. शेंगा धरेपर्यंत थांबलात तर खोड लाकडासारखे होते, लवकर कुजत नाही आणि सरी पाडताना फाळात गुंतत राहते.