रात्री एक चाळीसची भूक

“मॅडम, मला रात्री दीड-दोनला भूक लागते. खाल्लं तर सकाळी शुगर तीनशे. नाही खाल्लं तर झोप लागत नाही. डॉक्टर म्हणतात, रात्रीचं खाणं बंद कर. मी नेमकं काय करू?”

टाईप वन डायबेटिस, म्हणजे ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, तो असलेली मुलं-मुली हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारताना बहुतेकांची मान खाली असते, चोरी सापडल्यासारखी. हिचीही होती. तेवीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करायला आलेली. अकराव्या वर्षी डायबेटिस निघाला, तेव्हापासून इन्सुलिन. (तिला विचारूनच लिहितेय. ओळखीच्या खुणा बदलल्यात.)

पहिल्या भेटीत मी चुकले. तिने सांगितलं की खोलीतल्या मैत्रिणी झोपल्या की ती अंधारात बिस्किटं खाते, कागद दप्तराच्या आतल्या कप्प्यात कोंबते आणि सकाळी अभ्यासिकेला जाताना वाटेतल्या कचरापेटीत टाकते. मी मनात लगेच शिक्का मारला: परीक्षेचा ताण, भावनेच्या भरात खाणं. तिला सांगितलं, भूक लागली की आधी पाणी पी, दहा मिनिटं सावकाश श्वास घे, भूक ओसरते का बघ.

पुढच्या गुरुवारी ती आली आणि म्हणाली, “मॅडम, श्वास घेत बसले होते, तर हात लटलट कापायला लागले. गाऊन घामाने पाठीला चिकटला होता. मग मोजली. ४९.”

सत्तरच्या खाली शुगर गेली की हायपो, आणि ५४ च्या खाली गेली की ती थांबून विचार करण्याची वेळ नव्हेच. अशा वेळी मी तिला डोळे मिटून श्वास घ्यायला बसवलं होतं. अजून आठवलं की कसंतरी होतं.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तिला दोनशे पानी वही आणायला सांगितली. दहा रात्री, जाग आली की तोंडात काही टाकायच्या आधी बोट टोचायचं. वेळ, आकडा, अंगाला काय वाटतंय, नंतर काय खाल्लं. एवढंच. “रोज रात्री एक पट्टी जास्त?” ती म्हणाली. तिचा हिशोब बरोबर होता, एका पट्टीच्या पैशात चहा-बिस्कीट होतं. पण दहाच रात्री, म्हणून कबूल झाली.

वही परत आली तेव्हा पानांवर रक्ताचे दोन-तीन बारीक ठिपके होते आणि अक्षर असं की झोपेतच लिहिलंय. दहापैकी आठ रात्री जाग आली होती. तीन रात्री शुगर खाली: ५८, ६३, ५१. दोन रात्री वर: २४८ आणि २७१. उरलेल्या तीन रात्री ११०-१४० च्या दरम्यान, म्हणजे छान. आठही रात्रींपुढे तिने एकच शब्द लिहिला होता: भूक.

एकच शब्द, पण दुखणी तीन.

खाली गेलेल्या रात्रींचं उत्तर तिच्या इन्सुलिनमध्ये होतं. ती दोन वेळचं मिश्र इन्सुलिन घ्यायची, ३०/७०: तीस टक्के झटपट काम करणारं, सत्तर टक्के संथ. त्यातला हा मोठा, संथ भाग टोचल्यावर चारेक तासांनी जोर धरतो आणि पुढे बराच वेळ टिकतो. मेसचं जेवण रात्री आठला, म्हणजे तो जोर बरोबर मध्यरात्रीनंतर. मेसची भाजी बेचव असली की ही पोळी टाकून उठायची, डोस मात्र तेवढाच. शिवाय तीनपैकी दोन दिवशी ती संध्याकाळी पर्वती चढून आली होती. व्यायामात स्नायूंतला साखरेचा साठा संपतो, तो भरून काढायला शरीर पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतं. म्हणून पाच वाजता चढलेल्या पर्वतीचा हिशोब रात्री दोनला चुकता होतो. अशा भुकेला जिभेचे चोचले म्हणणं चूकच.

वरच्या रात्री वेगळ्या. झोपताना १३० आकडा दिसला की हिला तो कमी वाटायचा. मग दूध, चार बिस्किटं, वर केळं, “लागेल रात्रीला” म्हणून. आणि एकदा, डॉक्टरांना न सांगता, रात्रीच्या डोसातली चार युनिटं कमी केली होती. मी प्रत्येकाला विचारते, “इन्सुलिन मुद्दाम चुकवतोस का?” कुणी वजनासाठी चुकवतं, कुणी भीतीपोटी. ही भीतीपोटी. इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशी उपाशीच, म्हणून वर गेल्यावरही भूक लागते. सोबत तहान आणि दोनदा बाथरूम. त्यावर आणखी खाणं म्हणजे आगीत तेल. आणि झोपेच्या गुंगीत अंदाजे इन्सुलिन टोचणं त्याहून वाईट, कारण आधीचा डोस अजून अंगात काम करत असतो. अडीचशेच्या वर आकडा आणि जोडीला मळमळ, उलटी किंवा पोटदुखी असेल तर कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासायचे आणि तशा अपरात्रीही डॉक्टरांना उठवायचं. तिथे संकोच नको.

डोस मी बदलत नाही, ते माझं कामच नाही. वही घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मिश्र इन्सुलिन बंद करून जेवणाचं वेगळं आणि दिवसभर सारखं चालणारं वेगळं असं सुरू केलं. दोनाची चार टोचणी झाली म्हणून ती दोन दिवस रुसली होती. शुगर सतत मोजणारा, चौदा दिवसांचा एक सेन्सरही दंडाला लावला. त्याने एका रात्री ५५ म्हणून बोंब मारली, बोटावर निघाली १०४. त्याच कुशीवर झोपली होती, सेन्सर दबला की असं होतं. सेन्सरचा खर्च दर पंधरवड्याला घरच्यांना झेपणारा नव्हता, पण त्या एका पंधरवड्यात बरंच कळलं.

हायपोसाठी आम्ही पुड्या केल्या. मेसच्या काकूंकडचा छोटा वजनकाटा घेऊन तिने ग्लुकोज पावडरच्या पंधरा-पंधरा ग्रॅमच्या दहा पुड्या बांधल्या, गावच्या वैद्यांसारख्या, चौकोनी घडीच्या. एक पुडी पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायची. तरी सत्तरच्या खाली असेल तर दुसरी. बिस्कीट-चॉकलेट नाही, त्यातल्या तुपा-तेलाने साखर उशिरा चढते. खरी अडचण ती पंधरा मिनिटं. मेंदू ओरडत असतो, खा, अजून खा. याच पंधरा मिनिटांत अख्खा पुडा संपायचा आणि सकाळी तीनशे. यावर उपाय तिनेच काढला: मूलभूत हक्कांची कलमं, १२ पासून ३५ पर्यंत, बोटांवर म्हणायची. “दोनदा झाली की पंधरा मिनिटं होतात, आणि पाठांतरही.”

मैत्रिणींपासून लपवणं आधी थांबवायला लावलं. त्यांना एकदा सोबत बोलावलं. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारं औषध) असेल तर द्यायचं आणि १०८ ला फोन. त्यातली एक मला म्हणाली, “आम्हाला वाटायचं ही एकटीच गुपचूप खाते, देत नाही.”

आता राहिल्या त्या तीन रात्री, आकडा चांगला असलेल्या. वेळा बघितल्या तर १.४०, १.४५, १.३५. मी विचारलं, “या वेळेला काय असतं?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई उठवायची.” लहानपणी तिला झोपेत एकदा आकडी आली होती. तेव्हापासून आई रोज दीड-दोनच्या सुमाराला दिवा लावून तिचं बोट टोचायची आणि कमी असो-नसो, दोन बिस्किटं चारायची. कित्येक वर्षं. आता आई गावाला, पण फोन येतोच: “शुगर बघितलीस का गं?” ज्या रात्री फोन नाही, त्या रात्रीही अंग आपोआप जागं होऊन बिस्किटं मागतं.

ही सवयीची जाग मोडण्याचं काम सावकाश चाललं. खोलीतली कॉट हेच तिचं टेबल होतं, उशाशी राज्यघटनेची जाडजूड पुस्तकं. पुस्तकं अभ्यासिकेत हलवली, कॉट फक्त झोपेसाठी. रात्री कितीही जागली तरी सकाळी साडेसहाला उठायचंच. जाग आली की एकदा मोजायची, आकडा ठीक असेल तर वही मिटायची. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचं, मोबाईल खोलीत ठेवून. निद्रानाशाच्या उपचारात झोपेचे तास काही दिवस मुद्दाम आवळतात, ते मी हिच्या बाबतीत टाळलं. डोस अजून बसत नव्हता, त्यात थकवा नको.

आणि हो, कधीकधी ती नुसती भुकेली असायची. आठला जेवून एकपर्यंत अभ्यास केल्यावर कुणालाही लागेल. त्यासाठी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा एक उकडलेलं अंडं, उजेडात बसून. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आईशी फोनवर बोलले. ठरलं असं की रात्री अकराला आकड्याचा एक मेसेज, नंतर फोन नाही. “ताई, झोपेतच काही झालं म्हणजे?” त्यांनी विचारलं. होणारच नाही असं मी म्हणाले नाही, ते खोटं ठरलं असतं. पुड्यांचं सांगितलं, मैत्रिणींचं सांगितलं, बदललेल्या इन्सुलिनचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

अडीच महिन्यांनी वही पाहिली. आठवड्यात दोनदा जाग, हायपो महिनाभरात एक. शेवटच्या पानावर होतं: “१.४०. ११२. पाणी प्यायले. झोपले.”

आईची झोप मात्र अजून दीडलाच मोडते. आता उठवायला कोणी नाही, म्हणून त्या ओसरीवर बसून राहतात. पुढच्या गुरुवारी त्यांनाच बोलावलंय. सकाळच्या एसटीने येतायत.